कातरीनबाईंसाठी आणलेलं झाड

मोरेश्वर टिपणीस शारजातल्या एका बांधकाम कंपनीत परचेस ऑफिसर होते, आणि घरी आल्यावरही ते परचेस ऑफिसरच असत. तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय आणि तिन्हींची तुलना केल्याशिवाय त्यांच्या हातून काहीही विकत घेतलं जात नसे. घरातला मिक्सर जळला तेव्हा नवा येईपर्यंत त्यांच्या पत्नीने, हेमाने, महिनाभर चटण्या खलबत्त्यात कुटल्या. शेवटी जो मिक्सर आला तो तिन्हींपैकी एकही नव्हता, कारण टिपणिसांचा निर्णय होईपर्यंत ती तिन्ही मॉडेलं बाजारातून गेली होती. ह्या पद्धतीत काही खोट आहे असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या मते खोट बाजारात होती.

असा हा माणूस नाताळचं झाड घ्यायला निघाला. ते सुद्धा खरं, ताजं तोडलेलं, विमानाने येणारं झाड. आणि तेही रमजानच्या महिन्यात, कारण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार साली, रमजान आणि नाताळ एकाच महिन्यात आले होते. टिपणीस स्वतः ख्रिस्ती नव्हते. ते पेणचे सीकेपी होते आणि झाडांशी त्यांचा संबंध कढीलिंबापलीकडे कधी गेला नव्हता.

पण समोरच्या फ्लॅटमध्ये तुस्कानो राहत होते. इनास तुस्कानो वसईचे, बोटी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात फोरमन. त्यांची बायको कातरीन. हेमा एका मनी एक्स्चेंजमध्ये नोकरी करायची, त्यामुळे टिपणिसांची मुलगी दिया चार महिन्यांची असल्यापासून कातरीनबाईंच्या मांडीवर वाढली होती. पहिला दात त्यांनीच पाहिला, गोवरात रात्रंदिवस उशाशी त्याच बसल्या, आणि दिया बाराखडी शिकली तीही त्यांच्याच स्वयंपाकघरात, कोलंबी सोलता सोलता. दोन्ही घरांची दारं समोरासमोर होती आणि दिवसभर सताड उघडी असत. सुक्या बोंबलाची चटणी इकडून तिकडे गेली की फुग्यांनी भरलेला डबा तिकडून इकडे येई. (वसईचे फुगे म्हणजे तळलेले गोड पाव, टिपणीस ते चहात बुडवून खात आणि डॉक्टरला सांगत नसत.) इमारतीचा नातूर नूरुद्दीन, म्हणजे रखवालदार, पाण्याचं बिल कुठल्याही एका दारात देऊन जाई. दुसरीकडे आपोआप पोचेल ह्याची त्याला खात्री असे.

त्या वर्षी इनासभाऊंना साठ पूर्ण झाली. कंपनीने घड्याळ दिलं, हार घातला, आणि व्हिसा पुढे वाढणार नाही असं सांगितलं. तुस्कानो कायमचे वसईला निघाले. इथला शेवटचा नाताळ करायचा आणि मग जायचं, असं ठरलं.

"आपण त्यांना काहीतरी द्यायला हवं," हेमा म्हणाली. "चांगली पैठणी देऊ. आणि हे बघा, तुम्ही एकदा जाऊन नीट बोला त्यांच्याशी. आपल्या पोरीचं सगळं केलं त्यांनी. एका शब्दाने तरी म्हटलंय का आपण कधी?"

टिपणिसांनी घसा खाकरला. म्हटलं नव्हतं हे खरं होतं. आभार मानणं हा प्रकार त्यांना पत्राच्या शेवटी जमायचा, तोंडाने नाही. कातरीनबाईंसमोर उभं राहून 'तुम्ही आमच्या मुलीला वाढवलंत' असं म्हणायचं, ह्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यापेक्षा एखादी अशी वस्तू द्यावी, की ती बघितल्यावर बोलायची गरजच पडू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात दिया म्हणाली, "बाबा, शी वॉन्ट्स अ रिअल ट्री. काकीने मला सांगितलं. दरवर्षी तो प्लास्टिकचा छोटा ट्री ठेवते ना, त्याला काहीच स्मेल नाही. शी सेज, एकदा तरी घरात खऱ्या झाडाचा वास यायला पाहिजे."

झालं. टिपणिसांच्या डोळ्यांसमोर झाड उभं राहिलं.

"पण हे सीक्रेट," त्यांनी बजावलं. "शेवटच्या क्षणापर्यंत कोणाला पत्ता लागता कामा नये. सरप्राइज!"

आता ह्यात एक अडचण होती. दियाच्या पोटात काही राहत नसे. विशेषतः कातरीनकाकीसमोर तर ती शाळेतल्या मार्कांसकट सगळं ओकून मोकळी व्हायची. तेव्हा टिपणिसांनी विचार केला आणि दोन बंदोबस्त केले. एक, शाळा सुटल्यावर दियाने समोर न जाता तिसऱ्या मजल्यावर अरुण कर्व्यांकडे जायचं. दोन, आपलं दार लावून ठेवायचं.

"अहो, त्यांना काय वाटेल?" हेमाने विचारलं.

"काय वाटायचंय? झाड बघितलं की सगळा उलगडा होईल," टिपणीस म्हणाले.

अरुण कर्वे हे महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. जगात अशी एकही गोष्ट नव्हती जिच्याबद्दल त्यांचा कोणी मित्र तज्ज्ञ नव्हता. मुलीला दुपारी सांभाळायची गळ घालायला गेलेल्या टिपणिसांना त्यांनी बसवून घेतलं आणि सगळी हकीकत काढून घेतली. गुपित फुटण्याचा हा पहिला मुक्काम. आठवडाभरात तिसरा, पाचवा आणि सहावा मजला, मंडळाची कार्यकारिणी आणि कर्व्यांचा कॅनडातला मेहुणा एवढ्यांना झाडाची बातमी होती. फक्त कातरीनबाईंना नव्हती.

"हे बघा टिपणीस," कर्वे म्हणाले, "झाड घेणं म्हणजे जोक नाही. जात बघावी लागते. स्प्रूस असतं, फर असतं, फरमध्ये पुन्हा नॉर्डमन वेगळं आणि फ्रेझर वेगळं. माझा मेहुणा म्हणतो, चुकीचं घेतलंत तर तिसऱ्या दिवशी नुसता खराटा उरतो. आणि किंमत? अहो दिरहममध्ये ऐकून काही वाटत नाही, रुपयात करून बघा, तेवढ्यात आमच्या डोंबिवलीला एका घराला रंग होतो!"

चुकीचं घेतलं तर, हे तीन शब्द परचेस ऑफिसरच्या काळजात रुतून बसले. चुकीचा पंप आणला, चुकीच्या टाइल्स आणल्या, की साइटवरून जे फोन येतात ते टिपणिसांनी आयुष्यभर ऐकले होते. कातरीनबाईंच्या घरात नाताळच्या दिवशी खराटा उभा आहे आणि त्या मोठ्या मनाने काहीच बोलत नाहीत, हे चित्र त्यांना झोपू देईना. त्यांनी रीतसर तुलना करायचं ठरवलं.

दुबईच्या सातवा नावाच्या भागातली एक नर्सरी, दुबईतलंच एक मोठं सुपरमार्केट आणि हायवेवरचं एक गार्डन सेंटर अशी तीन ठिकाणं त्यांनी निवडली. रमजानमुळे दुकानं दुपारी बंद आणि इफ्तारनंतर उघडी. ऑफिस लवकर सुटे, पण त्या वेळी शारजाहून दुबईला जाणं म्हणजे उपाशी आणि घाईतल्या लाखभर ड्रायव्हरांमध्ये स्वतःला झोकून देणं. टिपणीस तेही करत. हेमा घरी आली की ते घरी नसत, आणि ते घरी आले की बाकीचं घर जेवून झालेलं असे.

सातव्याच्या नर्सरीतला तय्यब हा त्यांचा मुख्य सल्लागार. तय्यब मोठा गोड माणूस होता, फक्त त्याच्या दुकानात ज्या झाडाचा ढीग सर्वांत उंच असेल तेच झाड त्या दिवशी जगात सर्वोत्तम असे. सोमवारी तो म्हणाला, "साब, स्प्रूस लो. खुशबू ऐसी के पूरा बिल्डिंग बोलेगा." गुरुवारी म्हणाला, "स्प्रूस? ना साब, स्प्रूस तो गिरता है. नॉर्डमन लो, एक पत्ता नहीं गिरेगा." मधल्या दोन दिवसांत स्प्रूस संपून गेलं होतं.

सुपरमार्केटमधला साहेब म्हणाला, फ्रेझर घ्या, वासही आहे आणि टिकतंही. मग फ्रेझरच घ्यायला हरकत नव्हती. पण तिथल्याच एका गिऱ्हाईक बाईंनी मध्येच सांगितलं, की फ्रेझरचा घेर कमी असतो, कोपऱ्यात ठेवलं तर बिचारं वाटतं. कातरीनबाईंचं झाड बिचारं वाटून चालणार नव्हतं. टिपणीस रिकाम्या हाताने परतले.

अगदीच रिकाम्या नाही. तिन्ही दुकानांतून त्यांनी एकेक डहाळी मागून आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या तीन पेल्यांत पाणी घालून ठेवली. कुठल्या डहाळीच्या सुया आधी गळतात हे बघायचं. ओटा त्या दिवसापासून हेमाचा राहिला नाही. कुठला पेला हलवायचा नाही, कुठल्यावर पंखा येऊ द्यायचा नाही, सकाळी पुसायच्या आधी साहेबांना दाखवायचं. एकदा आमटीत सुई निघाली, तर ती कुठल्या पेल्यातली हे ठरेपर्यंत टिपणिसांनी कोणाला पुढचा घास घेऊ दिला नाही.

"बाबा, इट्स जस्ट अ ट्री," दिया म्हणाली.

"जस्ट अ ट्री नाही. काकीचं ट्री आहे."

"मग मला काकीकडे जाऊ दे ना! मी नाही सांगणार. प्रॉमिस."

"झाड येऊ दे. मग जा हवी तेवढी."

घराला मात्र फिनेलचा वास सुटला. हेमाने नाकाला पदर लावून तसं सांगितलंही. टिपणिसांना तो हिमाच्छादित अरण्याचा वास वाटत होता, पण तो खरोखर फिनेलचाच होता, हे नाइलाजाने नमूद करायला हवं.

एका संध्याकाळी बेल वाजली. टिपणिसांनी दार वीतभर उघडलं. बाहेर कातरीनबाई होत्या, हातात झाकलेली ताटली.

"भाऊ, दिया बरी आहे ना? किती दिवस आली नाही ती."

"बरी आहे, बरी आहे. अभ्यास. कर्व्यांकडे जाते. गणित."

"हां, हां. गणित पाहिजेच." त्या घुटमळल्या. "आणि घरात काय सांडलं का हो? फिनेलचा वास येतोय."

"साफसफाई!" टिपणीस म्हणाले, आणि ताटली घेण्यासाठी फट आणखी दोन बोटं वाढवली. ओट्यावरचे पेले दिसू नयेत म्हणून ते स्वतः दारात आडवे उभे होते.

"मला जरा बोलायचं होतं. पाच मिनिटं आत..."

"उद्या, कातरीनबाई. उद्या नक्की. आज जरा गडबड आहे."

दार लावल्यावर टिपणिसांनी हेमाकडे बघून विजयी मुद्रेने अंगठा वर केला. हेमा हसली नाही. त्या ताटलीत दियाला आवडतात तसे छोटे फुगे होते.

अखेर नॉर्डमन विजयी झालं. त्याच्या डहाळीची एकही सुई पडली नव्हती. टिपणिसांनी हा निकाल जेवताना जाहीर केला.

"आणि वास?" हेमाने विचारलं.

"वास जवळजवळ नाहीच. फिनेलची कटकट नको म्हणालीस ना तू!"

"अहो, त्यांना वासासाठीच तर खरं झाड हवं होतं!"

 इथे टिपणिसांमधला नवरा आणि त्यांच्यातला परचेस ऑफिसर ह्यांची गाठ पडली, आणि नवरा नेहमीप्रमाणे हरला. "वासाबद्दल कोणी कम्प्लेंट करत नाही," ते म्हणाले. "गळण्याबद्दल करतात."

पुढचा प्रश्न लिफ्टचा. नूरुद्दीनने आधीच काखा वर केल्या होत्या. "साब, बड़ा सामान लिफ्ट में नहीं. रियल इस्टेट का एनओसी लाओ." तेव्हा टिपणीस इमारतीच्या रियल इस्टेट ऑफिसात गेले. रमजानमुळे ते मोजकेच तास उघडं असे, आणि त्यातला अर्धा वेळ बाबूसाहेब नमाजाला किंवा बँकेत गेलेले असत. तिसऱ्या खेपेला भेट झाली.

"हबीबी, व्हॉट इज धिस? फर्निचर? ॲनिमल? प्लँट?" बाबूने विचारलं. फर्निचरला डिपॉझिट होतं, प्राण्यांना बंदी होती, आणि झाड असेल तर माती सांडणार नाही असं लिहून द्यावं लागणार होतं.

"माती नाही. मुळंच नाहीत. तोडलेलं आहे," टिपणिसांनी समजावलं.

"सो इट इज डेड?"

"तसं म्हणायचं तर... येस."

"देन इट इज गार्बेज. गार्बेज कम्स डाउन, नॉट अप. लिफ्ट नॉट अलाउड."

तासभराच्या वादानंतर टिपणिसांनी लिहून दिलं की सदर झाड मृत असलं तरी कचरा नाही, ते भेट म्हणून चौथ्या मजल्यावर जाणार आहे, आणि त्यातून माती, पाणी किंवा कोणताही जीव बाहेर पडणार नाही. "खलास," बाबू म्हणाला. "टेक युअर एनओसी." आणि एनओसीवर स्वतःच्या अक्कलहुशारीने एक अट टाकली. उंची दोन मीटरच्या आत.

एनओसी घेऊन टिपणीस सातव्याला धावले, तर तय्यबचा कोपरा रिकामा. नॉर्डमन संपलं होतं. सगळी झाडं संपली होती. "लेकिन नया माल आ रहा है साब, शनिचर सुबह, पक्का." टिपणीस तिथल्या एका उलट्या कुंडीवर बसले. आपण इतके दिवस काय करत होतो, असा प्रश्न त्यांच्या मनात डोकावला, पण त्यांनी त्याला उद्या यायला सांगितलं.

घरी हेमा सोफ्याच्या कडेला बसली होती.

"तुस्कानो परवा निघताहेत," ती म्हणाली. "शनिवारी."

"शनिवारी कसे? सत्तावीसला ना?"

"ईदच्या सुट्ट्या लागायच्या आत व्हिसा कॅन्सल करून बाहेर पडायला सांगितलंय कंपनीने. शनिवारी दुपारचं विमान. मला आत्ता लिफ्टमध्ये इनासभाऊ भेटले तेव्हा कळलं. आठवडा झाला म्हणे ठरून. कातरीनबाई आपल्याला सांगायला आल्या होत्या, तुम्ही उद्या या म्हणालात. शनिवारी सकाळी चहाला बोलावलंय तिघांनाही. सगळं सामान विकलं, पण कप ठेवलेत म्हणाले."

 टिपणिसांना खरंच वाईट वाटलं. शुक्रवारी सकाळी ते समोर गेले, पण तुस्कानो दिवसभर चर्चमध्ये आणि निरोपांच्या भेटीगाठींत होते, दाराला कुलूप. आणि कुलपासमोर उभं राहून टिपणिसांनी जो विचार केला, तो त्यांच्यासारख्याच माणसाला सुचू शकतो. शनिवारी सकाळी माल येणार. विमान दुपारी. म्हणजे झाड तासभर तरी कातरीनबाईंच्या घरात उभं राहू शकतं.

"अहो, कशाला आता?" हेमा जवळजवळ ओरडलीच. "रिकाम्या घरात झाड उभं करणार? त्यापेक्षा चहाला बसा त्यांच्याजवळ!"

"चहा काय, रोज पितो आपण," टिपणीस म्हणाले. "त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खरं झाड आहे ते."

शनिवारी सकाळी साडेनऊला ते ऑफिसला दांडी मारून सातव्यात हजर होते. माल साडेदहाला आला. नॉर्डमन होतं, एकच, आणि ते एखाद्या हॉटेलच्या लॉबीसाठी मागवल्यासारखं अवाढव्य होतं. दोन मीटरची अट! कापायचं ठरलं.

"नीचे से काटता हूं साब," तय्यब करवत घेऊन म्हणाला.

टिपणिसांनी झाडाला एक प्रदक्षिणा घातली. खालच्या फांद्या रुंद, डौलदार, भरदार. वरचा भाग म्हणजे नुसती काठी. खालून कापायचं म्हणजे चांगला माल टाकून हलका माल घरी न्यायचा. त्यांची सगळी नोकरी ह्या विचाराच्या विरोधात उभी राहिली. "ऊपर से काटो," त्यांनी हुकूम सोडला.

"ऊपर से? साब, स्टार कहां लगाओगे?"

"तू काट."

तय्यबने कापलं. कापून झाल्यावर दोघेही बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. हिवाळ्यात छाटलेल्या तुळशीसारखं ते दिसत होतं, फक्त माणसापेक्षा मोठं.

पिकअप शौकत नावाच्या पठाणाची होती. झाड मागे बांधून ते निघाले आणि दुबई-शारजा रस्त्यावर अडकले. पुढे अपघात, मागे रांग. "यल्ला शौकतभाई, यल्ला!" टिपणीस म्हणत होते. शौकत रोजा धरलेल्या शांतपणे म्हणाला, "साब, ऊपर से उड़ के जाऊं?" चहाची वेळ गेली. तिकडे हेमा आणि दिया दोघीच चहाला गेल्या होत्या, टिपणिसांनी घातलेली गुपिताची शपथ पाळत. टिपणिसांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं आणि मागच्या काचेतून झाडाकडे बघत राहिले. सुया गळत नव्हत्या. तेवढं एक मनासारखं घडत होतं.

पिकअप इमारतीपाशी पोचली तेव्हा टॅक्सीच्या डिकीत तुस्कानोंच्या शेवटच्या बॅगा चढत होत्या. दिया कातरीनबाईंच्या कमरेला मिठी मारून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती. हेमाचे डोळे लाल झाले होते. इनासभाऊंनी टिपणिसांचा हात हातात घेऊन हलवला, "भेटू टिपणीस, या वसईला," म्हणाले आणि घाईने पुढच्या सीटवर जाऊन बसले.

कातरीनबाईंनी दियाला हळूच बाजूला केलं आणि त्या टिपणिसांसमोर आल्या. त्यांनी हात जोडले.

"भाऊ, आमचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

आता निघताना सगळेच असं म्हणतात. टिपणिसांची आई पेणहून मुंबईला दोन दिवस जायची तरी सगळ्या आळीला असं म्हणून निघायची. ह्याला उत्तरही ठरलेलं असतं, 'छे हो, तुमचं कसलं चुकतंय,' आणि तेवढं तरी टिपणिसांना येत होतं. पण त्याच क्षणी शौकतने झाड खाली उतरवलं आणि टिपणिसांना इतक्या दिवसांच्या मेहनतीचं सार्थक समोर दिसलं.

"हे तुमच्यासाठी!" ते म्हणाले. "नॉर्डमन फर! एक सुई गळत नाही. तिन्ही जातींत हीच सगळ्यात टिकाऊ!"

कातरीनबाईंनी झाडाकडे पाहिलं, मग टिपणिसांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्यांनी झाडाच्या फांदीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. मोठं आहे." टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. दियाच्या केसांवरून हात फिरवून त्या गाडीत बसल्या.

एनओसी असल्यामुळे झाड लिफ्टमधून बिनबोभाट वर गेलं. समोरच्या दाराला कुलूप होतं, म्हणून ते टिपणिसांच्याच हॉलमध्ये उभं राहिलं, पाण्याच्या बादलीत, शेंड्याविना. दिवसभर इमारतीतले लोक बघून गेले. कर्वे म्हणाले, फ्रेझर घ्यायला हवं होतं. दियाने झाडाकडे पाहिलं नाही आणि बापाशी दोन दिवस बोललीही नाही.

सोमवारी नाताळ. संध्याकाळी टिपणिसांनी मनाशी एक वाक्य जुळवलं. 'कातरीनबाई, तुम्ही नसतात तर आमच्या दियाचं काय झालं असतं.' फार मोठं नव्हतं. त्यांनी ते बाथरूममध्ये दोनदा म्हणून पाहिलं. दूरवरून, फोनवर, तोंड दिसत नसताना ते म्हणता येईल असं त्यांना वाटलं. हेमा आणि दिया दोघी फोनजवळ येऊन बसल्या. बऱ्याच प्रयत्नांनी वसई लागली.

"हॅलो? कातरीनबाई आहेत का? शारजाहून टिपणीस बोलतोय. मेरी ख्रिसमस."

"कातरीन फुगे वाटायला गेलीय वाडीत. मी तिची धाकटी बहीण, फिलोमिना," पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "टिपणीस म्हणजे दियाचे बाबा ना?"

"हो, हो."

"एक विचारू का? राग मानू नका. आमच्या कातरीनचं काय चुकलं हो?"

टिपणिसांना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"आल्यापासून तिचं तेच चाललंय," फिलोमिना म्हणत होती. "म्हणते, एवढी वर्षं दार उघडं होतं आणि निघायच्या वेळी लावून घेतलं. पोरीला पाठवेनात. बोलायला गेले तर दारातूनच परत पाठवलं. शेवटच्या चहालाही भाऊ आले नाहीत. काहीतरी मोठं चुकलं असेल आपलं, पण कोणी सांगत नाही. मी म्हटलं, विचारायचं ना तोंडावर! तर म्हणते, निघताना माफीसुद्धा मागितली, तर भाऊ झाडाचं कायतरी बोलले."

 कातरीनबाई रीत म्हणून ते बोलल्या नव्हत्या. त्यांनी खरोखर, हात जोडून, न केलेल्या चुकीची माफी मागितली होती, आणि आपण त्यांना झाडाच्या सुयांबद्दल सांगितलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"त्याचं असं झालं," त्यांनी सुरुवात केली, "की झाडांच्या तीन जाती असतात. स्प्रूसला वास असतो, पण ते गळतं. फ्रेझरचा घेर कमी. आता आम्हाला द्यायचं होतं सरप्राइज, त्यामुळे दार..." आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं. एनओसीपर्यंत येऊन ते थांबले.

 पलीकडे मागे कुठेतरी मुलं फटाके उडवत होती.

"बरं," फिलोमिना शेवटी म्हणाली. ती चिडलेली नव्हती, नुसती गोंधळलेली होती. "मग ती आली की काय सांगू?"

ते वाक्य टिपणिसांच्या जिभेवर होतं. दिया त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हेमाने मान हलवून खूण केली, बोला. पण ते वाक्य जिला सांगायचं तिला सोडून तिच्या बहिणीला कसं सांगणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या एवढ्याशा सबबीचा त्यांनी आधार घेतला.

"टिपणिसांचा फोन येऊन गेला, एवढंच सांगा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"अहो, तासाभराने परत करा ना," हेमा म्हणाली. "येतील त्या तोवर."

"करतो," टिपणीस म्हणाले.

ईद झाली, संक्रांत झाली, झाड उचलायला नूरुद्दीन येऊन गेला, समोर नवे भाडेकरू राहायला आले. पाडव्याला श्रीखंड वाढताना हेमाने पुन्हा विचारलं, तेव्हाही टिपणीस "करतो"च म्हणाले.